घर बघायला जाताय? आधी ओल शोधा, मग ओटा बघा

विक्रीला काढलेलं घर तुम्हाला दाखवतात तेव्हा ते आवरलेलं असतं, भर दुपारीही सगळे दिवे लावलेले असतात आणि मालक किंवा एजंट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तुमच्याशी बोलत फिरत असतो. अर्ध्या तासात भेट आटोपते. बाहेर पडल्यावर डोक्यात राहतात ते पडदे, स्वयंपाकघरातला ओटा आणि बाल्कनीतून दिसणारं आभाळ. त्यातले पडदे तर मालक सोबतच घेऊन जाणार असतो.

घर घ्यायचं ठरल्यावर मी बरीच घरं पाहिली, आणि बघता बघता एक क्रम बसला. आधी ज्या गोष्टी कधीच बदलता येत नाहीत त्या: जागा, दिशा, मजला, छताची उंची, शेजार. मग ज्या बदलता येतात पण खिसा रिकामा करतात त्या: ओल, सांगाडा, छप्पर, नळ, ड्रेनेज, वायरिंग. रंग, दिवे, कपाटं सगळ्यात शेवटी. आपण बहुतेक जण नेमकं उलटं बघतो, आणि विकणाऱ्याने तयारीही त्याच हिशोबाने केलेली असते. खाली दिलंय ते नवं घर, जुनं घर, फ्लॅट, बंगला सगळ्यांना लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलंय.

1. निघण्याआधी

पिशवीत एवढं टाका:

- चांगला टॉर्च. फोनचाही चालतो, पण वेगळा असला की फोटो काढता येतात.
- 5 मीटरची मोजपट्टी.
- काचेची एक गोटी आणि एक जाडसर नाणं.
- फोनचा चार्जर, सॉकेट तपासायला.
- टिश्यू पेपरचे दोन-चार तुकडे.
- वही. तिच्यात पलंग, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि सगळ्यात मोठं कपाट यांची मापं आधीच लिहून ठेवा.

आणि एक माणूस बरोबर घ्या, ज्याला हे घर नकोय. तुम्ही मालकाशी बोलत असताना तो शांतपणे सिंकखाली टॉर्च मारून बघू शकतो. दोघंही घराच्या प्रेमात पडलेले असतील तर असं बघणारं कोणीच उरत नाही.

कागदपत्रांची नावं ठिकाणागणिक बदलतात, पण पहिल्या भेटीआधीच मागून ठेवावीत अशी साधारण हीच: मालकीहक्काचा कागद, घरावर कर्ज किंवा बोजा आहे का याचा दाखला, मंजूर नकाशा, इमारत वापरायला परवानगी मिळाल्याचं प्रमाणपत्र, कराच्या आणि देखभाल खर्चाच्या अलीकडच्या पावत्या, वर्षभराची वीज आणि पाण्याची बिलं, मोठ्या दुरुस्त्यांच्या पावत्या. सगळं लगेच मिळेल असं नाही. पण 'नंतर बघू' हे उत्तर नेमकं कोणत्या कागदाबद्दल येतं ते टिपून ठेवा. मंजूर नकाशा हातात आला तर तो घेऊनच जा. त्यात नसलेली खोली, काढून टाकलेली भिंत किंवा आत घेतलेली बाल्कनी दिसली, तर त्याची परवानगी कुठे आहे हा पुढचा प्रश्न.

2. आधी बाहेरून एक चक्कर

ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा आणि एकटेच इमारतीभोवती फिरा. रस्त्यापेक्षा घराची जमीन खाली आहे का? जमिनीचा उतार घराकडे येतो की घरापासून दूर जातो? तळमजल्यावर किंवा पार्किंगच्या खांबांवर सगळीकडे एकाच उंचीवर डागांची रेघ असेल, तर तिथवर कधीतरी पाणी चढलेलं असू शकतं. तळमजल्यावरचे मीटर किंवा सॉकेट नेहमीपेक्षा बरेच वर बसवले असतील तर का, ते विचारा.

बाहेरच्या भिंतीवर पाइपाच्या कडेने हिरवट-काळा पट्टा दिसला तर तो पाइप गळतोय किंवा पन्हळ तुंबलीय. पाइपाच्या सांध्यात किंवा गच्चीच्या कठड्यात पिंपळ-वडासारखी रोपं उगवली असतील तर मुळं आत शिरलेली असतात; वरून रोप कापून ती जात नाहीत. घराला अगदी चिकटून मोठं झाड असेल आणि जमीन चिकणमातीची असेल तर पायाकडे जास्त लक्ष द्या. अशी माती कोरडी पडली की आकसते, भिजली की फुगते, आणि झाडाची मुळं तिच्यातलं पाणी ओढून घेत असतात.

गच्चीवर जाता येत असेल तर नक्की जा. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर गच्ची न बघता होकार देऊच नका. पाऊस थांबून 48 तास उलटले तरी पाणी साचून राहत असेल तर गच्चीचा उतार चुकलाय. सुकून गेलं असलं तरी डबक्याच्या जागी गाळाची गोल किनार राहते. उतरतं छप्पर असेल तर लांबून बघा: कण्याची, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कडेची, रेघ सरळ दिसते की मध्ये झोल पडलाय? माळ्यावर चढता आलं तर दिवे बंद करून वर बघा. छपरातून उजेडाचे ठिपके दिसले तर पाणीही त्याच वाटेने येणार.

3. दार उघडल्यावर पहिला श्वास

वासाला नाक काही मिनिटांतच सरावतं, म्हणून हे काम दारातच उरकायचं. कुबट, दमट वास येतो का? सिगारेटचा, पाळीव प्राण्यांचा, गटाराचा? उदबत्ती, सुगंधी मेणबत्ती, एअर फ्रेशनर असं काही जोरात लावलेलं असेल तर सगळ्या खिडक्या उघडायला सांगा, किंवा दुसऱ्या भेटीला न कळवता लवकर पोचा. ताज्या रंगाचा वास आला तर नेमक्या कोणत्या खोलीतून येतोय ते शोधा. अख्खं घर रंगवलं असेल तर ठीक. एकच भिंत किंवा छताचा एकच कोपरा नवा असेल तर तिथे काय होतं हे विचारायलाच हवं.

4. ओल: निम्मा वेळ इथे द्या

घरातल्या महागड्या दुखण्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी असतं. त्याने गिलावा सुटतो, लाकूड कुजतं, वाळवी येते, स्लॅबमधलं लोखंड गंजतं, वायरिंग बिघडतं. म्हणून मी इथे रेंगाळणार आहे, आणि तुम्हीही रेंगाळा.

टॉर्च भिंतीवर समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड आडवा पाडा. फुगवटे, पोपडे, लांबी (पुट्टी) भरून दडवलेले चट्टे आपल्या सावल्यांसकट उठून दिसतात. मग संशयाच्या जागी हाताची मागची बाजू टेकवून बघा; ओली जागा शेजारच्या भिंतीपेक्षा गार लागते.

ओल दिसली की ती कुठली, हे ओळखायला शिका. उपाय आणि खर्च त्यावरच ठरतात.

*जमिनीतून चढणारी.* ही विटा आणि चुना-सिमेंटच्या बारीक छिद्रांतून वर चढते, साधारण मीटरभर उंचीपर्यंत. वरच्या टोकाला लाटेसारखी पिवळसर रेघ असते आणि पांढरा खार फुटलेला असतो, म्हणजेच भिंतीला लोणा लागलेला असतो. ही तळमजल्याचीच गोष्ट आहे. चौथ्या मजल्यावर फरशीलगत ओल दिसली आणि कोणी 'जमिनीची ओल आहे' म्हणालं, तर ते उत्तर सोडून द्या आणि भिंतीपलीकडे बाथरूम, बाल्कनी की उघडी भिंत आहे ते बघा.

*बाहेरून झिरपणारी.* पावसाचं पाणी भेगेतून किंवा खिडकीच्या चौकटीच्या सांध्यातून आत येतं. डाग पावसात गडद होतो आणि नंतर फिका पडतो. खिडकीखालचे दोन्ही कोपरे बघा, सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते.

*नळातून किंवा ड्रेनेजमधून गळणारी.* ऋतू कोणताही असो, डाग तसाच राहतो किंवा वाढत जातो. बाथरूमच्या मागची भिंत आणि वरच्या बाथरूमखालचं छत या तिच्या जागा.

*आतल्या वाफेची.* स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे यांची वाफ गार भिंतीवर जमते आणि कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरते. चौघींत ही त्यातल्या त्यात गरीब; हवा खेळती ठेवली की बरीच आवरते. पण म्हणूनच बाकीच्या तीन प्रकारांनाही विकणारा हेच नाव देतो. बुरशी छताच्या मधोमध असेल तर ती नुसत्या वाफेची असण्याची शक्यता कमी.

आता लपवण्याच्या जागा. ओल झाकायला भिंतीवर कमरेइतकं लाकडी पॅनेल लावतात, वॉलपेपर चिकटवतात, भलं मोठं कपाट सरकवतात, किंवा फक्त बाथरूमला नवं खोटं छत करतात. यातलं प्रत्येक काम निव्वळ हौसेनेही केलेलं असू शकतं. तरी कपाट थोडं सरकवायला सांगा, खोट्या छताचा एक चौकोन उचलून टॉर्च मारा. भिंतीतल्या कपाटांच्या आत, सिंकखाली, मीटरच्या खोक्यामागे रंगारी सहसा पोचत नाही. घराचा खरा रंग तिथे सापडतो.

फ्लॅट असेल तर आणखी एक चक्कर मारा: खालच्या मजल्यावर जाऊन नम्रपणे विचारा, वरून गळतं का. तुमच्या बाथरूमची तब्येत खालच्यांच्या छताला ठाऊक असते. ते गळत असेल तर दुरुस्ती आणि भांडण, दोन्ही घरासोबत तुमच्याकडे येईल.

ओलीच्या आसपास लाकूडही ठोकून बघा. चौकटीचा आवाज पोकळ येतो का? भिंतीवर पेन्सिलएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या चढल्यात का? त्या वाळवीच्या वाटा. खिडकीच्या कट्ट्यावर गळून पडलेले बारीक पंख किंवा लाकडाखाली भुकटीचे छोटे ढीग दिसले तर कीड आहे किंवा होऊन गेलीय, तज्ज्ञाला दाखवा.

5. भेगा: कोणत्या सोडायच्या, कोणत्या नाही

भेग नाही असं घर मिळणं कठीण. केसाएवढ्या, 1 मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बहुतेक वेळा गिलावा आकसल्याच्या असतात आणि रंगात बुजतात. 5 मिलिमीटरच्या पुढे गेलेली भेग मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. रुंदीइतकाच आकारही बोलतो. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळती असलेली, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याच जागी दिसणारी भेग असेल तर इमारत हललेली असू शकते. जवळची दारं घासतात का, चौकट आणि दार यांच्यातली फट वर-खाली सारखी आहे का, तेही बघा.

फ्लॅटमध्ये याहून महत्त्वाचे बीम, कॉलम आणि स्लॅबची खालची बाजू. गंज चढलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा व्यापतं आणि आतूनच काँक्रीट फोडतं. म्हणून सळीच्या रेषेत सरळ जाणारी भेग, तपकिरी डाग, किंवा काँक्रीटचे पोपडे सुटून उघडी पडलेली सळी ही वाईट लक्षणं. ती तुमच्या घरात नसतील पण जिन्यात आणि पार्किंगमध्ये असतील, तरी इमारत एकच आहे.

गोटी फरशीवर ठेवून सोडा. थोडी घरंगळली तर काही बिघडत नाही, जुन्या घरांत फरशी क्वचितच पाणसळीत असते. सगळ्या खोल्यांतून ती एकाच दिशेला पळत सुटली तर नोंद करा. फरशा नाण्याने ठोका. पोकळ वाजणारी फरशी खालून सुटलेली असते. एक-दोन सुट्या असणं चालतं, अख्खा पट्टा असणं चालत नाही.

6. नळ आणि सांडपाणी

लाजू नका, सगळे नळ उघडा. पहिली धार लालसर आली आणि लगेच स्वच्छ झाली तर पाणी बराच वेळ पाइपात थांबलेलं असू शकतं. धार लालसरच राहिली तर पाइप किंवा टाकी गंजलीय. दाब बघायला 10 लिटरची बादली लावा: मिनिटभरात भरली तर शॉवर नीट चालेल, तीन मिनिटं लागली तर रोज कुरकुर. मग एक नळ चालू ठेवून दुसरा उघडा आणि फ्लशही ओढा. दाब किती पडतो ते कळेल. पाणी दिवसभर असतं की ठरावीक वेळीच येतं, टाकी किती मोठी आणि किती घरांत वाटलेली, हे विचारा.

बाथरूमच्या जाळीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात मगभर पाणी ओता. दर मीटरला 1 ते 2 सेंटिमीटर उतार असेल तर ते स्वतःहून जाळीकडे जातं. कोपऱ्यातच थबकलं तर रोजची ओल तिथेच मुरत असणार. फ्लश ओढल्यावर शेजारच्या जाळीतून गुडगुड आवाज आला तर ड्रेनेजला हवेची वाट नाही किंवा लाइन तुंबतेय. बंद घरात गटाराचा वास येतो तो पुष्कळदा जाळीखालच्या वळणातलं पाणी सुकल्यामुळे. बादलीभर पाणी ओतून दहा मिनिटांनी परत जा. वास गेला तर प्रश्न मिटला.

घराला स्वतंत्र पाण्याचा मीटर असेल तर सगळे नळ बंद करून आकडा टिपा आणि निघताना पुन्हा बघा. आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळतंय.

7. वीज आणि गॅस

इथे आपण फक्त वरवर बघू शकतो. खरी तपासणी परवानाधारक वायरमनची. विजेचा बोर्ड उघडून बघा: जुने फ्यूज आहेत की एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारे स्विच)? माणसाला झटक्यापासून वाचवणारं उपकरण (आरसीसीबी) आहे का? घरगुती वापराला ते 30 मिलिअँपिअरचं असतं आणि त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. मालकाला विचारून ते दाबा. वीज लगेच तुटायला हवी. चार्जर प्रत्येक खोलीतल्या सॉकेटला लावून बघा. सॉकेटभोवती काळसर-तपकिरी डाग असेल तर तिथे वायर तापलेली आहे. अर्थिंग आहे का, वायरिंग शेवटचं कधी बदललं, हे विचारून वायरमनसाठी लिहून ठेवा.

गॅसची ज्योत निळी हवी. ती पिवळी पडून काजळी धरत असेल तर ज्वलन अपुरं आहे आणि बिनवासाचा, जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर तो बाहेर काढून बसवण्याचा खर्च हिशोबात धरा. धूर-वाफ ओढणाऱ्या पंख्यावर टिश्यूचा तुकडा धरा. चिकटून राहिला पाहिजे. छपराला किंवा जुन्या पाइपांना ॲस्बेस्टॉस असल्याचा संशय आला तर तिथे खरवडू, ठोकू किंवा भोक पाडू नका; धोका त्याच्या धुळीत असतो.

8. ऊन, वारा, आवाज

मालकाला सगळे दिवे बंद करायला सांगा. दिवसा वाचता येत नसेल तर खोली अंधारी आहे, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. जाहिरातीतल्या फोटोंवर खोलीचा अंदाज बांधू नका. रुंद लेन्समुळे खोली खऱ्याहून लांब दिसते.

फोनमधल्या होकायंत्रावर प्रत्येक मोठ्या खिडकीची दिशा टिपा. उत्तर गोलार्धात विषुववृत्तापासून लांब असाल तर ऊन मुख्यतः दक्षिणेकडून येतं, दक्षिण गोलार्धात उलट. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर तिरपं ऊन खोलवर आत शिरतं. थंड प्रदेशात ते हवंहवंसं, उष्ण प्रदेशात त्याच खोलीत रात्री झोप लागत नाही. समोरची मोकळी जागा कोणाची आणि तिथे काय बांधता येतं, हे स्थानिक नियोजन कार्यालयात विचारता येतं. आजचा उजेड आणि वारा त्या उत्तरावर अवलंबून आहेत.

खिडक्या सगळ्या उघडून-मिटून बघा. मिटल्यावर फटीत कागद धरून ओढा. सहज निसटला तर वारा, धूळ आणि आवाजही तिथून येणार. दुहेरी काचेच्या मध्ये धुकं दिसलं तर काचेचं सील गेलंय. मग सगळ्यांना दोन मिनिटं गप्प बसायला सांगा. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, वरच्यांची पावलं, रस्ता, सगळं ऐकू येतं. फोनची रेंज बेडरूमच्या आतल्या कोपऱ्यातही तपासा.

9. मोजपट्टी काढा

कागदावरच्या क्षेत्रफळात भिंतींची जाडी, बाल्कनी, जिन्यातला वाटा असं काय काय धरलंय ते विचारा आणि आतून आतून प्रत्यक्ष मापं घ्या. 1 चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट. नमुना म्हणून सजवलेल्या घरात कधी कधी पलंग आखूड असतो आणि दारं काढून ठेवलेली असतात, त्यामुळे खोली ऐसपैस वाटते. वहीतली फर्निचरची मापं इथे कामाला येतात. दाराची, लिफ्टची आणि जिन्याच्या वळणाची रुंदीही मोजा.

10. काय विचारायचं, कोणाला

'गळतं का?' असं विचारलंत तर 'नाही' असंच उत्तर येणार. 'शेवटचं वॉटरप्रूफिंग कधी केलं आणि का करावं लागलं?' असं विचारा. 'शेजारी कसे आहेत?' याऐवजी 'शेवटची तक्रार कोणी, कशाबद्दल केली?' घर का विकताय, किती दिवस विक्रीला आहे, आधी ठरलेला व्यवहार मोडलाय का, हेही विचाराच. उत्तरापेक्षा त्याआधीचा थांबा कधी कधी जास्त सांगतो.

सामायिक इमारतीत मागच्या दोन-तीन सभांची इतिवृत्तं मागा. लिफ्ट बदलायची आहे का, दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे, कोणाची थकबाकी आहे, वाद चालू आहे का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. आणि जिन्यात भेटलेल्या रहिवाशाशी पाच मिनिटं बोला. त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

11. दुसरी भेट, मग तज्ज्ञ

एकाच भेटीवर टोकन देऊ नका. 'आणखी दोघं तयार आहेत' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. खरं असलं तरी तुमची तपासणी त्याने लहान होत नाही. दुसऱ्या भेटीला वेगळी वेळ निवडा. पहिली सकाळी झाली असेल तर दुसरी संध्याकाळी गर्दीच्या वेळी, आणि जमलं तर एकदा मुसळधार पावसानंतर लगेच. रात्री उशिरा नुसतं इमारतीखाली उभं राहिलात तरी पार्किंग, उजेड, कुत्री आणि आजूबाजूची वर्दळ कळते.

मग इंजिनिअर, वायरमन आणि कागदांसाठी वकील. तिघंही तुम्ही निवडलेले असावेत, विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेले नव्हेत. त्यांचा लेखी अहवाल हातात आल्यावरच किमतीचं बोलणं करा. 'भिंत खराब वाटते' यावर कोणी पैसे कमी करत नाही. दुरुस्तीच्या लेखी अंदाजावर करतात. गीझर, पंखे, एसी, कपाटं यांतलं काय घरात राहणार आणि कोणती दुरुस्ती कोण कधी करून देणार, हे करारातच लिहून घ्या.

ताबा घ्यायच्या दिवशी, शेवटचा हप्ता देण्याआधी, रिकाम्या घरात हीच फेरी पुन्हा मारा. फर्निचर हललेलं असतं, त्यामुळे कपाटामागच्या भिंती तेव्हा पहिल्यांदा दिसतात. वीज आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, सगळ्या किल्ल्या कुलपांना लावून बघा, आणि करारातल्या यादीतली प्रत्येक वस्तू जागेवर आहे का ते टिकमार्क करत तपासा. काही कमी असेल तर त्याच दिवशी, तिथेच लिहून दोघांच्या सह्या घ्या.